शवविच्छेदनातील रोगविकृती : डुक्कर आणि घोडा

मेलेल्या जनावराचे शरीर ठरलेल्या क्रमाने उघडून, प्रत्येक अवयव पाहून, चाचपून आणि कापून मृत्यूचे कारण शोधणे म्हणजे शवविच्छेदन. रोगामुळे ऊतकांत झालेला जो बदल या तपासणीत नुसत्या डोळ्यांना दिसतो, त्याला येथे विकृती म्हटले आहे. डुक्कर व घोडा या दोघांचेही जठर एककप्पी असते, पण तेवढ्या साम्यावर विसंबून चालत नाही. एकाच्या शरीरात नेहमी दिसणारी गोष्ट दुसऱ्यात आजाराची खूण ठरू शकते. रोगांची यादी पाठ असलेला तपासनीस चुकतो तो बहुधा याच ठिकाणी.

घोड्याला पित्ताशय नसते. त्याची चरबी मुळातच पिवळसर असते आणि दोनतीन दिवस खाणे सुटलेल्या घोड्यात यकृत ठणठणीत असूनही कावीळ दिसू शकते. मूत्रपिंडाच्या पोकळीतून निघणारा गढूळ, चिकट स्राव हा पू नसून श्लेष्मा असतो. हृदयात सापडणारी पिवळी, चकचकीत गुठळीही निरुपद्रवी असते. घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी फार लवकर खाली बसतात, त्यामुळे वरचा भाग तांबडेपणाविना गोठतो. डुकराच्या यकृतावर जाळीदार नक्षी असते, कारण त्याच्या खंडिका (यकृताचे लहान लहान भाग) संयोजी ऊतकाने ठळकपणे विभागलेल्या असतात. या नक्षीला यकृत निबर झाल्याचे लक्षण समजणे ही नवशिक्याची ठरलेली चूक.

यानंतर मृत्यूनंतरचे बदल वेगळे काढावे लागतात. डुकराच्या चरबीच्या थराने उष्णता आत कोंडते, तर घोड्याच्या अवाढव्य मोठ्या आतड्यातील चारा मेल्यावरही आंबत राहतो. त्यामुळे दोन्ही शवे लवकर सडतात. शव ज्या कुशीवर पडले असेल त्या बाजूच्या फुप्फुसात रक्त उतरते, पित्ताशयालगतची आतडी हिरवी पडतात आणि यकृताच्या कडा काळपट होतात. यांतले काहीही रोगाने झालेले नसते. बार्बिट्युरेट (गुंगीचे औषध) टोचून दयामरण दिलेल्या घोड्याची प्लीहा (पाणथरी) रक्ताने तट्ट फुगते, म्हणून प्लीहेबद्दल मत देण्याआधी मृत्यू कसा आला हे विचारून घ्यावे.

काही शवे उघडायचीच नसतात. अचानक मृत्यू, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आणि लवकर फुगलेले शव असे चित्र असेल तर आधी अँथ्रॅक्स या जिवाणुजन्य रोगाची शंका घ्यावी लागते. कानाच्या शिरेतून रक्ताचा लेप घेऊन तो पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवून पाहतात. डुकरात हा रोग फसवा असतो. तो बहुधा घशाजवळच्या लसीका ग्रंथींत (रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींत) अडकून राहतो, मान सुजते आणि फुगलेली प्लीहा सापडेलच असे नाही. घोड्यात ग्लँडर्स या जिवाणुजन्य रोगाची शंका असली तरीही शव उघडू नये. नाकाच्या पडद्यावरील गाठी, खोल व्रण आणि भरून आल्यावर राहणारे ताराकृती वण ही त्याची ओळख, पण हा रोग माणसाचाही जीव घेतो.

डुक्कर सहसा पाठीवर उताणे ठेवून उघडतात. त्वचेवरच बरेच कळते. किंचित उंचावलेले, तांबडे, चौकटीच्या आकाराचे चट्टे एरिसिपेलस या जिवाणुजन्य रोगाचे असतात. तोच रोग रेंगाळला तर हृदयाच्या झडपांवर, विशेषतः डाव्या कर्णिका व जवनिका यांमधील झडपेवर, खडबडीत उंचवटे येतात आणि सांधे जाड होतात. मागच्या मांड्यांवर सपाट जांभळे डाग आणि फिकट, सुजलेल्या मूत्रपिंडांवर रक्तबिंदू ही जोडी सर्कोव्हायरस या विषाणूशी संबंधित त्वचा-मूत्रपिंड विकारात दिसते. स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणुजन्य रोगाचा चकवा हमखास देणारी जोडी हीच.

खऱ्या क्लासिकल स्वाइन फीवरमध्ये प्लीहा बहुधा वाढत नाही. तिच्या कडेला रक्तपुरवठा तुटून मेलेले, काळपट, उंचावलेले ठिपके दिसतात. असे ठिपके सापडले तर निदानाला मोठा आधार मिळतो, न सापडले तर रोग नाही असे मात्र म्हणता येत नाही. लसीका ग्रंथी कापल्या की कडेने तांबड्या, आत फिकट दिसतात. मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू असतात. दुखणे लांबले असेल तर लहान आतडे जिथे मोठ्याला मिळते त्याच्या आसपास गोल, कडा उंचावलेले व्रण पडतात. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू पूर्णपणे वेगळ्या कुळातला आहे. 1921 मध्ये केनियातील अनुभवावरून वर्णन झालेला हा रोग 2007 मध्ये जॉर्जियात आणि 2018 मध्ये चीनमध्ये पोचला. त्याच्या तीव्र रूपात प्लीहा कित्येक पटींनी वाढते, काळी पडते आणि बोटाने दाबताच फुटते. जठर-यकृताजवळच्या व मूत्रपिंडाजवळच्या लसीका ग्रंथी रक्ताच्या गुठळीवजा दिसतात. पुस्तकात हा फरक स्पष्ट वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही रोगांची मधली रूपे एकमेकांत इतकी मिसळतात की प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय नाव घेणे धाडसाचे ठरते.

डुकराच्या फुप्फुसात रंगापेक्षा जागा अधिक बोलते. पुढच्या व खालच्या पाळ्या दोन्ही बाजूंनी जांभळट किंवा करड्या, मांसल, घट्ट झाल्या असतील तर मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जंतूकडे लक्ष जावे. मागच्या पाळीचा वरचा भाग रक्ताळलेला, टणक, मधोमध मृत ऊतक असलेला आणि फुप्फुसावरणावर फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) थर बसलेला असेल तर ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए हा जंतू. असाच फायब्रिन हृदयावरण, उदरावरण, सांधे आणि मेंदूवरच्या आवरणांवर सर्वत्र पसरला असेल तर ग्लासर रोग (डुकरांचा जिवाणुजन्य रोग) किंवा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जंतू यांचा विचार होतो. स्ट्रेप्टोकॉकस सुइस माणसाला मेंदूआवरणदाह करू शकतो, म्हणून डोके उघडताना हातमोजे आणि चेहऱ्याचे संरक्षण लागतेच.

पोटातल्या खुणा वयानुसार लावाव्यात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मेलेल्या पिल्लाचे लहान आतडे गडद तांबडे असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स सी हा जिवाणू. दूध तुटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पापण्या, जठराची भिंत आणि मोठ्या आतड्याचा आंत्रबंध (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) यांत पाणी साचले असेल तर ई. कोलायच्या विषाने होणारा शोफरोग. जठराची भिंत कापल्याशिवाय ही सूज दिसत नाही. वाढत्या डुकरात लहान आतड्याचे शेवटचे टोक रबरी नळीगत जाड झाले असेल तर लॉसोनिया हा जिवाणू. पांढरेफटक शव आणि जठरात रक्त असेल तर अन्ननलिकेच्या तोंडाशी व्रण शोधावा. फार बारीक दळलेल्या खाद्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. यकृतावरचे पांढुरके डाग मात्र गोल कृमींच्या अळ्यांचा माग असतात. मृत्यूचे कारण म्हणून ते क्वचितच पुढे करता येतात.

घोडा बहुधा उजव्या कुशीवर ठेवतात, म्हणजे अवजड अंधनाल (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) खाली राहते. आतडे बाहेर काढण्यापूर्वी ते कसे बसले आहे हे पाहून घेणे आणि छायाचित्र काढणे इथे सर्वांत महत्त्वाचे, कारण पोटशूळाने मेलेल्या घोड्याचे उत्तर बहुतेक वेळा त्या मांडणीत असते. पिळाची जागा एकदा हातांनी मोकळी झाली की पुरावाच संपतो. जिवंतपणी पडलेल्या पिळात अडकलेला भाग गडद तांबडा ते काळा, भिंत जाड व ओली आणि निरोगी आतड्याशी त्याची सीमा ठळक असते. मेल्यावर वायूने सरकलेल्या आतड्यात अशी रंगसीमा नसते. म्हाताऱ्या घोड्यात आंत्रबंधावर देठ असलेली चरबीची गाठ वाढते आणि तो देठ लहान आतड्याला फास घालतो.

घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तुंबलेले जठर फुटते, बहुधा मोठ्या वक्रतेच्या बाजूने. फाटलेल्या कडा रक्ताळलेल्या आणि चाऱ्याचे कण लालसर उदरावरणावर चिकटलेले असतील तर फूट जिवंतपणीची. कडा फिकट आणि उदरावरण स्वच्छ असेल तर ती मेल्यानंतरची. याच जठरात बॉट माशीच्या अळ्या घोसाने चिकटलेल्या आढळतात. दिसायला त्या भयंकर, पण सहसा त्यांच्यामुळे घोडा मरत नाही. आंत्रबंधाच्या पुढच्या रोहिणीत भिंत जाड होऊन गुठळीत स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस या जंताच्या अळ्या सापडणे ही आधी नेहमीची गोष्ट होती. जंतनाशकांच्या वापराने ती बरीच कमी झाली.

एक ते सहा महिन्यांच्या शिंगरात फुप्फुसात पू भरलेल्या गाठी म्हणजे प्रथम ऱ्होडोकॉकस इक्वाय हा जिवाणू. जबड्याखाली व घशामागे गळू असेल तर स्ट्रँगल्स हा जिवाणुजन्य रोग. अशा वेळी कानाजवळची घशाची पिशवी उघडून पाहिलीच पाहिजे. पूर्ण दिवसांआधी पडलेल्या गर्भाच्या यकृतावर बारीक करडे ठिपके आणि जड, पाणी भरलेली फुप्फुसे हर्पिसविषाणूकडे बोट दाखवतात. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या विषाणुजन्य रोगात श्वासनळी फेसाने भरते आणि स्नायूंमधल्या पडद्यांत पिवळी, थुलथुलीत सूज येते. वीण करताना कोसळलेल्या वळूघोड्यात हृदयावरण आधी उघडावे. महारोहिणी मुळाशी फुटली असेल तर ते रक्ताने भरलेले सापडते.

सूक्ष्मदर्शकासाठी ऊतकाचा तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नसावा आणि 10 टक्के फॉर्मेलिन त्याच्या दहा पट असावे. जंतुपरीक्षेचा नमुना फॉर्मेलिनमध्ये न घालता थंड ठेवून पाठवतात. नोंदीत आधी जागा, पसरण, आकार, रंग, घट्टपणा आणि कापलेला पृष्ठभाग लिहावा, रोगाचे नाव शेवटी. लडखडत, बिथरून मेलेल्या घोड्याचा मेंदू वरकरणी अगदी निरोगी दिसला तरी त्याचे नमुने घ्यावेत, कारण रेबीजमध्ये डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही विकृती सहसा नसते.