प्रोस्टेटचा एमआरआय: सीडी एक, मतं दोन

परळी, वसमत, भोकरदन... मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात हे घडू शकतं. अण्णांचं वय ६६. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, ते वाढलं की कर्करोगाची शंका घेतात) ७.२ आला, म्हणून डॉक्टरांनी प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टात ‘पायरॅड्स ३’ असं लिहून आलं, म्हणजे धड होही नाही आणि नाहीही नाही. मुलानं तीच सीडी ओळखीतून मोठ्या शहरात दाखवली, तर तिथे ‘पायरॅड्स ४’, बायोप्सी करा, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासा, म्हणाले. मग घरात एकच प्रश्न उरतो: चुकलं कोण?

बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. मतं वेगळी का पडतात हे समजून घेतलं, तर पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

पायरॅड्स ही कर्करोगाच्या संशयाची १ ते ५ अशी पट्टी आहे. पहिली आवृत्ती २०१२ची, सध्याची २.१ ही २०१९ची. १ म्हणजे संशय जवळपास नाही, ५ म्हणजे दाट संशय. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर एकाच ग्रंथीची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं शेजारी-शेजारी लावून बघतो. एका प्रकारात ग्रंथीची रचना दिसते. दुसऱ्यात पेशींमधल्या पाण्याची हालचाल कळते, कारण कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीनं वाढतात आणि पाण्याला फिरायला जागा उरत नाही. असा ठिपका एडीसी नावाच्या चित्रात काळा दिसतो आणि त्याच्या जोडीच्या चित्रात पांढरा चमकतो. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात तो दोन्हीकडे ठळक असेल आणि दीड सेंटिमीटरहून लहान असेल, तर ४. एकाच चित्रात ठळक असेल, तर ३. पण किती काळं म्हणजे ठळक, याला आकडा नाही. ते बघणाऱ्याच्या नजरेवर आहे.

पिकाच्या नजरअंदाज पैसेवारीत असंच होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हातचं पीक गेलेलं शेत आणि बहरलेलं शेत यावर वाद नसतो. भांडण असतं ते पन्नास पैशांच्या आसपासच्या गावांचं, कारण त्या रेषेच्या खाली आणि वर सगळंच बदलतं. पायरॅड्समध्ये ती रेषा ३ आणि ४ यांच्या मधोमध आहे.

मतभेद किती असतात, हे मोजलं गेलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहा वेगवेगळ्या संस्थांमधल्या सहा अनुभवी रेडिओलॉजिस्टना तेच ते स्कॅन वाचायला दिले. ‘४ किंवा त्याहून जास्त’ या निर्णयावर त्यांचा ‘कप्पा’, म्हणजे एकमत मोजणारा आकडा (१ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग), निघाला सुमारे ०.५५. मध्ये प्रशिक्षणाचं एक सत्र घेतलं, तरी त्यात म्हणावी अशी सुधारणा झाली नाही.

कप्पा हे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलं. योगायोगानं जुळलेली मतं त्यात वजा केली जातात. सोबतचं गणित माझं आहे, निव्वळ समजण्यासाठी. १०० स्कॅन, वाचणारे दोघं, आणि दोघांनीही प्रत्येकी २० संशयित ठरवले. नुसत्या योगायोगानंही त्यांचं ६८ स्कॅनवर एकमत होईल. समजा प्रत्यक्षात ८४वर झालं. ऐकायला उत्तम वाटतं, पण कप्पा येतो बरोबर ०.५. आता माणसं मोजा. दोघांनीही संशयित म्हटलेले १२. एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही, असे १६. अण्णा त्या सोळांत असतील, तर बायोप्सी होणार की नाही हे सीडी कुणाच्या टेबलावर गेली यावर ठरतं.

मतं कुठे जास्त फुटतात तेही ठाऊक आहे. सुमारे ७० टक्के कर्करोग ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात होतात आणि तिथे एकमत त्यातल्या त्यात बरं असतं. आतल्या भागात वयानुसार वाढणाऱ्या साध्या गाठी दाटलेल्या असतात आणि त्यात कर्करोगाची गाठ ओळखणं फार अवघड. जुनी सूज कर्करोगासारखीच दिसू शकते. नुकतीच बायोप्सी झाली असेल तर साकळलेलं रक्त चित्र बिघडवतं. गुदाशयात गॅस असला की पाण्याच्या हालचालीचं चित्र वाकडं येतं, म्हणून स्कॅनआधी पोट साफ करायला सांगतात. ते मनावर घ्यावं. चित्रच खराब असेल तर कितीही जाणकार डोळे लावा, उपयोग नाही.

एवढ्यावरून एमआरआय निरुपयोगी असं कुणी समजू नये. २०१८च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. एमआरआय आधी करून संशयाच्या जागीच सुई घातली, त्या गटात उपचारांची गरज असणारा कर्करोग ३८ टक्के जणांत सापडला. जुन्या पद्धतीच्या बायोप्सीत २६ टक्के जणांत. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के पुरुषांची बायोप्सीच टळली. तपासणी चांगलीच आहे. तिचा रिपोर्ट हे एका जाणत्या माणसाचं मत आहे, एवढं लक्षात ठेवून तो वाचायचा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ३ आणि ४च्या स्कॅनचं दुसऱ्यांदा वाचन हा रुग्णाचा नेहमीचा हक्क समजला जावा. पहिल्या डॉक्टरांचा त्यात अपमान होत नाही. मात्र नुसता रिपोर्ट किंवा फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून भागत नाही, मूळ चित्रांची सीडी हवी. सोबत पीएसए, ग्रंथीचा आकार आणि आधीच्या बायोप्सीची तारीखही द्यावी. पीएसए भागिले ग्रंथीचं घनफळ ०.१५च्या वर गेलं, तर ३ आकड्यालाही वजन येतं.

संगणकही आता या कामात आहे. २०२४च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात एआयनं ६२ रेडिओलॉजिस्टच्या सरासरीपेक्षा थोडी सरस कामगिरी केली. पण ते स्कॅन नेदरलँड्स आणि नॉर्वेतले होते. आपल्याकडची यंत्रं आणि आपले रुग्ण यांवर त्याची स्वतंत्र पारख व्हायला हवी.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. स्कॅन नांदेडला होतो, बायोप्सी हैदराबादला. पॅथॉलॉजीचा निकाल स्कॅन वाचणाऱ्यापर्यंत येतच नाही, आणि आपण ४ दिलेला ठिपका खरंच कर्करोग होता का हे कळल्याशिवाय नजर तयार होणार कशी? संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आठवड्यातून एकदा ऑनलाइन बसून वादाचे स्कॅन आणि त्यांचे बायोप्सी निकाल शेजारी ठेवून बघू शकतात. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. ते होईपर्यंत नातेवाइकांनी एक करावं: बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याची एक प्रत जिथे एमआरआय झाला त्या सेंटरला, रिपोर्टवर सही असलेल्या डॉक्टरांच्या नावानं पाठवावी.