प्रादेशिक सेनेतले अधिकारीपद: उत्पन्नाच्या अटीमागचा इतिहास

आपला नोकरी-धंदा सांभाळून गरजेला वर्दी चढवणाऱ्या नागरिकांची सेना म्हणजे प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, टीए). तिच्या अधिकारीपदाची जाहिरात निघाली की बहुतेकजण एका अटीपाशी अडखळतात. उमेदवाराकडे उत्पन्नाचे स्वतःचे साधन असले पाहिजे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीए-सीडीएस परीक्षांच्या तयारीत वर्षे घालवलेल्या मुलांना हे उलटेच वाटते. खासगी नोकरी असेल तर कंपनीचे पत्र, सरकारी असेल तर खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र, स्वतःचा धंदा असेल तर स्टँप पेपरवर उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र. म्हणजे पोटापाण्याची सोय झालेली आहे हे आधी सिद्ध करायचे, मग वर्दी मागायची. आज या अटीवरून जी कुरकुर चालते तिचे मूळ समजायला थोडे मागे जावे लागते, पण फार मागे नाही.

ब्रिटिशांच्या काळातली हकिकत थोडक्यात अशी. 1920 मध्ये दोन स्वतंत्र कायदे झाले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी सहायक दल, भारतीयांसाठी प्रादेशिक दल. दुसऱ्यातूनच विद्यापीठांतली प्रशिक्षण पथके निघाली आणि त्यांचे वारसदार म्हणजे 1948 नंतरचे एनसीसी. स्वातंत्र्यानंतर 1948 चा प्रादेशिक सेना कायदा आला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी सेनेचे रीतसर उद्घाटन झाले. हाच दिवस आजही स्थापनादिन म्हणून पाळतात.

तेव्हाची कल्पना साधी होती. शहरी तुकड्या आणि प्रांतिक तुकड्या असे दोन भाग. शहरातला कारकून, वकील, कारखान्यातला फोरमन यांनी कामाचे तास सांभाळून कवायत करायची. गावाकडच्या माणसाने शेतीची कामे आटोपली की सलग शिबिर करायचे. तुकड्याही केवळ पायदळाच्या नव्हत्या. रणगाडे, विमानवेधी तोफा, किनाऱ्यावरचा तोफखाना, सिग्नल, वर्कशॉप, वैद्यकीय पथके असे बरेच काही होते. डॉक्टर किंवा इंजिनीअर माणूस आपलाच पेशा अंगावर वर्दी चढवून चालवू शकत होता. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत या सेनेने काम केले. 1972 च्या सुमारास मात्र यातल्या बहुतेक तांत्रिक तुकड्या नियमित सेनेत गेल्या किंवा मोडल्या. मागे उरले मुख्यतः पायदळ आणि रेल्वे, तेल कंपन्या अशा खात्यांशी जोडलेली पथके. सुशिक्षित शहरी माणसाला आपले कसब घेऊन आत शिरायची जी वाट होती, ती इथे अरुंद झाली. पुढच्या चर्चेत हा टप्पा सहसा कोणी काढत नाही, पण आजच्या तक्रारींचे बी इथेच पडले असे मला वाटते.

खरा गुंता आहे तो टीएतल्या लोकांच्या तोंडी रोज असणाऱ्या दोन शब्दांचा, एम्बॉडी आणि डिसएम्बॉडी. कायद्याप्रमाणे टीएचा माणूस एरवी नागरिक असतो. नियमांतला 33 वा नियम त्याला तीन कारणांसाठी बोलावू देतो: प्रशिक्षण, मुलकी प्रशासनाला मदत आणि नियमित सेनेला जोड. बोलावले की तो एम्बॉडी झाला. त्या काळात पगार, भत्ते, शिस्त सगळे नियमित सेनेचे. अधिकाऱ्याला आज लेव्हल 10 लागू आहे, म्हणजे मूळ वेतन 56,100 रुपयांपासून. काम संपले की डिसएम्बॉडी, आणि पगार बंद.

वर्षाकाठी दोन महिन्यांचे शिबिर एवढेच बोलावणे होते, तोवर उत्पन्नाची अट चपखल बसत होती. पण 1980 नंतर चित्र बदलले. श्रीलंका, पंजाब, काश्मीर, आसाम अशा एकामागून एक आघाड्या उघडल्या आणि टीएच्या पायदळ बटालियन वर्षानुवर्षे एम्बॉडी राहू लागल्या. बटालियनबरोबर अधिकारीही. दोन महिन्यांची रजा मोठ्या मनाने देणारा मालक दोन वर्षे खुर्ची रिकामी ठेवील का? कायद्यात याची तरतूद आहे. नंतर घातलेले 7ए हे कलम सेवेवरून परतलेल्याला कामावर परत घ्या असे मालकाला सांगते. मात्र परत घेणे शक्य नाही असे मालकाने म्हटले तर वाद नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे न्यायचा. सरकारी नोकराला हे सोपे जाते, त्याची जागा कुठे जात नाही. खासगी कंपनीत कलम दाखवून परत मिळवलेल्या खुर्चीवर माणूस किती दिवस टिकतो, हे सांगायची गरज नाही.

पेन्शनचा हिशेब तर आणखी बोलका आहे. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षे सेवा लागते, आणि मोजली जाते ती फक्त एम्बॉडी असतानाची. दरवर्षी शिबिराचे दोनच महिने धरले तर 30 वर्षांत 5 वर्षे भरतात. म्हणजे जो अट मनापासून पाळतो, आपली नोकरी टिकवून वर्षाला दोन महिने देतो, त्याला पेन्शन कधीच मिळणार नाही. जो वर्षानुवर्षे एम्बॉडी राहतो त्याला मिळू शकते, पण त्याची बाहेरची नोकरी तोवर गेलेली असते. ‘ही पूर्णवेळ कारकीर्द नाही’ असे सरकार सुरुवातीलाच बजावते, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. सरकारची बाजूही आहे. मनुष्यबळ गरजेपुरतेच ठेवायचे तर कायमचा बोजा घेता येत नाही, आणि तसा बोजा घेतला तर नियमित सेना आणि टीए यांत फरक काय उरला? पण बोलावणे किती काळाचे ते ठरवायचे सरकारने आणि पोटाची सोय लावायची अधिकाऱ्याने, ही वाटणी सारखी नाही. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका टीए सैनिकाला अपंगत्व पेन्शन नियमित सैनिकाप्रमाणेच द्यावी असा निकाल दिला. भरतीच्या वेळी लिहून दिलेली अट पुढे करून ती नाकारता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. तो अधिकारी नव्हता, प्रकरणही वेगळे होते. तरी सही घेतली म्हणजे विषय संपला, या भूमिकेला तेव्हा पहिला मोठा तडा गेला.

प्रशिक्षणाची आखणी अजून जुन्या कल्पनेवरच आहे. वयोमर्यादा 18 ते 42, पदवी हवी. लेखी परीक्षेत बुद्धिमत्ता, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत व चाचण्या, आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाली की थेट लेफ्टनंट. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या अकादमीत तीन महिने. चेन्नईच्या अकादमीत शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे नियमित सेनेतल्या ठरावीक वर्षांच्या सेवेचा उमेदवार 49 आठवडे घाम गाळतो तेव्हा त्याच्या खांद्यावर तारे येतात. इथे तारे आधी येतात, अकादमी नंतर. चाळिशीतल्या व्यवस्थापकाला वर्षभर अकादमीत ठेवता येत नाही, हे कारण पटण्याजोगे आहे. पण हाच अधिकारी पुढे नियंत्रण रेषेजवळ कंपनी सांभाळणार असेल तर तीन महिने पुरतात का, हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातोच. बढती लेफ्टनंट कर्नलपर्यंत कालबद्ध, कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीने. बटालियनचा प्रमुख मात्र बहुधा नियमित सेनेतून येतो.

क्रिकेटचे विश्वचषक जिंकून देणाऱ्या कपिल देव आणि धोनी या दोन कर्णधारांना मिळालेला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा हा या वाटेचा भाग नाही. तो मानद आहे. उलट परीक्षा आणि एसएसबी देऊन आलेले एक-दोन राजकारणी आहेत, त्यांचे कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, खरे.

महिलांचा प्रश्न बराच उशिरा आला. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द असूनही बिगर-खाते तुकड्यांची दारे त्यांना बंद होती. तेल कंपनीच्या पथकात 2016 मध्ये पहिली महिला अधिकारी झाली होती. जानेवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे स्त्रियाही, असा निर्वाळा दिला. 2019 पासून पर्यावरण, तेल आणि रेल्वेच्या पथकांत त्यांना कमिशन मिळू लागले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पायदळ बटालियनसाठीही मंजुरी आली. 2025 च्या जाहिरातीतल्या 19 जागांपैकी महिलांसाठी होती एक.

खात्यांची वाट तर आकसतेच आहे. रेल्वेच्या सहा रेजिमेंटपैकी पाच मोडीत काढायचे 2022 मध्ये ठरले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे आणि कोल्हापूर इथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत आणि मराठवाड्यात झाडे लावणारी महार रेजिमेंटची पर्यावरण बटालियन. लातूरच्या भूकंपात टीए मदतीला आली होती हे जुन्या लोकांना आठवत असेल.

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला असताना सरकारने त्याच 33 व्या नियमाखाली सेनाप्रमुखांना टीएचे सर्व अधिकारी आणि जवान बोलावण्याचा अधिकार दिला. 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन तैनातीसाठी एम्बॉडी करण्याची तरतूद त्यात आहे. आदेशाची मुदत 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत. अर्ज भरताना जोडलेले कंपनीचे पत्र तोवर कितीजणांच्या कामाचे राहील, हे ज्याच्या त्याच्या मालकावर अवलंबून आहे.