अर्थव्यवस्थेची कार्बन तीव्रता

देशात ठरावीक रकमेचे उत्पन्न तयार होताना किती हरितगृह वायू हवेत गेले, हे सांगणारे गुणोत्तर म्हणजे कार्बन तीव्रता किंवा उत्सर्जन तीव्रता. वर्षभराचे उत्सर्जन हा अंश आणि स्थूल देशांतर्गत उत्पादन हा छेद. भागाकार सोपा आहे, पण अंशात काय धरायचे आणि छेदात काय, इथे खरी मेख आहे. बेळगाव सीमाभागातल्या ओळखीच्या कामांवरून ती नीट उलगडते.

उत्सर्जन सहसा धुराड्यात यंत्र बसवून मोजत नाहीत. किती कोळसा, डिझेल, गॅस जळला याचा हिशेब काढून त्याला उत्सर्जन गुणकाने, म्हणजे ठरावीक इंधनामागे किती वायू निघतो त्या आकड्याने, गुणतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. मिथेनसारख्या वायूंचे कार्बन डायऑक्साइडच्या मापात रूपांतर करतात. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या पाचव्या अहवालात मिथेनचा हा गुणक 28 आहे, म्हणजे एक किलो मिथेन 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरायचा.

गळीत हंगामात संकेश्वर, निपाणी, अथणी, उगार या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात. तरी त्या धुरातला बहुतेक कार्बन ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत येत नाही. बॉयलरमध्ये जळतो तो बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, आणि त्यातला कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. त्याची नोंद वेगळी ठेवतात. जळताना सुटणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र मोजतात, आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलला तर काहीच सूट नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड घातले तर हाच नियम लागू होतो. जुने टायर घातले, तर त्यातला खनिज कार्बन पूर्ण मोजावा लागतो.

छेदात विक्रीची रक्कम येत नाही, मूल्यवर्धन येते, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरते ती रक्कम. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचे, म्हणजे ओतकाम कारखान्याचे, उदाहरण घेऊ. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला 600 युनिट वीज लागली असे धरू. देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे 420 किलो झाला. हेच कास्टिंग (ओतीव भाग) कच्चे विकण्याऐवजी थोड्या जादा विजेत मशीनिंग करून विकले आणि मूल्यवर्धन दुप्पट झाले, तर तीव्रता जवळपास निम्मी होते. हवेत गेलेला वायू मात्र घटत नाही, उलट किंचित वाढतो. नुसत्या महागाईनेही छेद फुगतो, म्हणून उत्पादन स्थिर किमतींतच, म्हणजे एका ठरलेल्या वर्षाच्या भावांनी, घ्यावे लागते. चालू किमती धरून सुधारणा दाखवणे हा हिशेबातला दोषच मानावा.

जपानी अभ्यासक योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण हे गुणोत्तर दोन भागांत फोडते: रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेमागे निघणारा कार्बन. कारखानदार चांगली भट्टी बसवून पहिला भाग कमी करू शकतो. दुसरा मुख्यतः ग्रिडमधल्या कोळशावर ठरतो.

भारताने 2009 मध्ये, 2005 च्या तुलनेत 2020 पर्यंत तीव्रता 20 ते 25 टक्के घटवण्याचे जाहीर केले. 2015 मध्ये 2030 साठी 33 ते 35 टक्के आणि 2022 मध्ये 45 टक्के असे उद्दिष्ट ठरले. संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार 2005 ते 2020 या काळात ती 36 टक्के घटली. यश खरे आहे, पण त्यासोबत एकूण आकडाही सांगितलाच पाहिजे: जमीन व वनक्षेत्र वगळता देशाचे उत्सर्जन 2010 मध्ये सुमारे 213.7 कोटी टन होते, ते 2019 मध्ये सुमारे 313 कोटी टन झाले. 2009 च्या घोषणेत शेती वगळलेली होती. म्हणजे खानापूरच्या भातखाचरातला मिथेन किंवा चिकोडीच्या उसाला घातलेल्या युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड त्या मोजणीबाहेर राहतो.

जिल्ह्यापुरती तीव्रता काढणे याहून कठीण. बेळगावची भट्टी चालते त्या विजेचा कोळसा रायचूर किंवा विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीला जळलेला असू शकतो. निपाणीकडचा ऊस हद्द ओलांडून कोल्हापूरच्या कारखान्यात गेला, तर साखरेचे मूल्यवर्धन महाराष्ट्राच्या खात्यात पडते आणि मशागतीचे डिझेल कर्नाटकच्या. देशाच्या बेरजेत हा फरक मिटतो. देशादेशांत तो मिटत नाही: बाहेरून आणलेल्या पोलादाचा धूर ते तयार करणाऱ्या देशाच्या नावावर चढतो, वापरणाऱ्याच्या नाही.