‘चेंडू घेऊन पळा, सामना जिंका’ हे कितपत खरं?

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये संघ हरला की चाहते आक्रमण आखणाऱ्या प्रशिक्षकाच्या नावाने खडे फोडतात: ‘पासच्या (चेंडू पुढे फेकण्याच्या) नादी लागला, चेंडू घेऊन पळवलं असतं तर जिंकलो असतो!’ पुराव्याला आकडे तयार असतात. जिंकणाऱ्या संघाचे धावेचे यार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पळत कापलेलं अंतर, बहुधा जास्तच निघतात.

पण आधी येते आघाडी, धाव नंतर. पुढे असलेला संघ शेवटी शेवटी वेळ संपवायला मुद्दाम चेंडू घेऊन पळतो. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. पळणारा मैदानातच पाडला गेला तर ते बहुतेकदा चालूच राहतं. मागे पडलेल्याला पासशिवाय गत्यंतर नसतं.

त्यात कॉलेजचा हिशेबही अजब. पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) पाडला, तर गमावलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात! एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या खात्यातून जातात. म्हणजे पासवरच भिस्त ठेवावी लागलेला हरणारा संघ धावेत कागदावर आणखीच दुबळा दिसणार.

2019 चा एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) संघ आठवा: क्वार्टरबॅक जो बरोचे 60 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि 15 पैकी 15 विजय. धाव निरुपयोगी आहे असं मात्र नव्हे. एकच यार्ड हवा असेल, तेव्हा पळणंच सहसा जास्त भरवशाचं.