डिस्कवरचं १०८०आय आलं कुठून? फ्रेम रेट आणि इंटरलेसिंगची पार्श्वभूमी

ब्ल्यू-रेच्या मागच्या कव्हरवर १०८०पी (पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, १०८० रेघांचं अख्खं चित्र एकदम) ऐवजी १०८०आय (आय म्हणजे इंटरलेस, एकाआड एक रेघा दोन खेपांत) दिसलं की बरेच जण डिस्क परत ठेवून देतात, म्हणे यात अर्धंच पिक्चर आहे. मला हे फार खटकतं, कारण त्या एका लेबलखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि हा गोंधळ डिस्क बनवणाऱ्यांनी घातलेला नाहीये, तो टीव्हीच्या जन्मापासूनचा आहे.

आधी सिनेमा. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे त्यामुळे स्पीड ठरलेला नसायचा, १६ फ्रेम, २० फ्रेम, जसं असेल तसं चालायचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि मग असं चालेना, कारण फिल्मचा वेग जरा हलला की आवाज लगेच चिरका नाहीतर घोगरा होतो, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम पक्के झाले. आता २४ वेळाच उजेड पडला तर पडदा लुकलुकतो, पण प्रोजेक्टरचं शटर तीच फ्रेम दोनदा किंवा तीनदा दाखवायचं, म्हणजे ४८ किंवा ७२ वेळा उजेड, काम झालं.

टीव्हीला हे जमणारं नव्हतं. आलेली फ्रेम साठवून परत दाखवायची तर मेमरी लागते, ती तेव्हा टीव्हीत नव्हतीच. आणि सेकंदाला ५०-६० वेळा अख्खं चित्र पाठवायचं तर बँडविड्थ (सिग्नलला लागणारी जागा) दुप्पट लागणार. यावर १९३०-३२ च्या सुमारास जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या फ्रिट्झ श्र्योटर यांनी आणि अमेरिकेत आरसीए कंपनीच्या रँडल बॅलार्ड यांनी जो उपाय शोधला तो मला आजही कमाल वाटतो: आधी विषम रेघा पाठवा, मग सम रेघा, प्रत्येक खेप म्हणजे एक फील्ड. यालाच इंटरलेसिंग म्हणतात. डोळ्याला लुकलुक जाणवत नाही आणि बँडविड्थ तेवढीच राहते. फील्डचा आकडा घरातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवरून (५० किंवा ६० हर्ट्झ) घेतला, कारण तिच्याशी जुळलं नाही तर पडद्यावर पट्टे सरकत राहायचे. १९३६ मध्ये बीबीसीने ४०५ रेघा आणि ५० फील्ड घेऊन सुरुवात केली, अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ रेघा आणि ६० फील्ड ठरवले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टीव्ही कॅमेऱ्याचे दोन फील्ड म्हणजे एका चित्राचे दोन तुकडे नाहीत, ते दोन वेगळे क्षण आहेत. चेंडू पळतोय, पहिल्या फील्डमध्ये तो इथे, एक साठांश सेकंदाने दुसऱ्यात थोडा पुढे. दोन्ही एकत्र करून पॉज केलं की चेंडूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. पण त्याच कारणाने चालू असताना हालचाल इतकी सलग वाटते, सेकंदाला ६० क्षण मिळतात, २४ नाही.

मग १९५३ मध्ये अमेरिकेत रंग आले. रंगाचा सिग्नल आवाजाच्या कॅरिअरला (आवाज वाहून नेणाऱ्या लहरीला) त्रास देऊ नये म्हणून सगळा वेग हजारात एक भागाने कमी केला, ३० चे २९.९७ झाले. तोच हजारावा भाग सिनेमाच्या डिस्कवर २३.९७६ म्हणून येऊन बसलाय, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा साधारण ६ सेकंद लांबतो.

२४ फ्रेमचा सिनेमा ६० फील्डमध्ये बसवायला थ्री-टू पुलडाऊन आलं. समजा क, ख, ग, घ अशा चार फ्रेम आहेत, तर क चे दोन फील्ड, ख चे तीन, ग चे दोन, घ चे तीन, एकूण दहा. त्यातून पाच व्हिडिओ फ्रेम होतात: कक, खख, खग, गघ, घघ. मधल्या दोन भेसळीच्या. कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो त्या शॉटमध्ये जे बारीक धक्के बसतात ते यामुळेच, एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते आणि पुढची ५०. युरोपात सरळ २५ च्या वेगाने पळवायचे, धक्के नाहीत, पण १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज थोडा चढतो.

एचडी आलं तरी इंटरलेस सुटलं नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेची ११२५ रेघांची हाय-व्हिजन सिस्टिम इंटरलेसच होती, पुढे डिजिटल प्रसारणातही १०८०आय आलं. २००६ मध्ये ब्ल्यू-रे बाजारात आली तेव्हा तिच्या नियमांत १०८० रेघांना प्रोग्रेसिव्ह म्हणजे फक्त २३.९७६ आणि २४ होते. ५० किंवा ६० हवे तर १०८०आय घ्या नाहीतर ७२०पी वर उतरा. आणि १०८०पी मध्ये २५ तर नव्हतेच!

म्हणून दोन प्रकार झाले. मैफिली, खेळ, स्टेजचे कार्यक्रम इंटरलेस कॅमेऱ्याने शूट झाले असतील तर ते खरोखर १०८०आय, त्यांना नीट डीइंटरलेस करणारा (फील्डमधून अख्ख्या फ्रेम बनवणारा) प्लेअर किंवा टीव्ही लागतो, नुसत्या रेघा जोडल्या तर कंगवा दिसतो आणि एकेक फील्ड ताणून दाखवलं तर बारकावे जातात. पण २५ फ्रेमने शूट केलेली युरोपियन मालिका असेल तर ती १०८०आय ५० (सेकंदाला ५० फील्ड) म्हणून भरलेली असते, जरी दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असले तरी. तिथे रेघा जोडल्या की १०८० ची अख्खी फ्रेम परत मिळते, काहीही गेलेलं नसतं. लेबल मात्र दोन्हींवर सारखंच.

अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेने २०१६ मध्ये २१६०पी ६० पर्यंत आणलं आणि तिथे इंटरलेसला जागाच ठेवली नाही. २३.९७६ मात्र तिथेही आहे.