नेटिव्ह मेन्यूबारमध्ये स्वतःचे मेन्यू जोडणे

एकच डेस्कटॉप सॉफ्टवेअर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर चालवताना त्याचे मेन्यू विंडोच्या आत स्वतः न रेखाटता त्या त्या प्रणालीच्या मेन्यूबारकडे सोपवण्याची ही पद्धत आहे. विंडोजवर हा बार प्रत्येक विंडोच्या शीर्षकपट्टीखाली असतो, बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवरही तसाच. मॅकओएसवर मात्र तो पडद्याच्या माथ्यावर एकच असतो आणि समोरच्या सॉफ्टवेअरनुसार बदलतो. बहुतेक अडचणी या फरकातूनच निघतात.

इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे 2013 मध्ये ॲटम शेल या नावाने सुरू झालेल्या, डेस्कटॉप सॉफ्टवेअर बांधण्याच्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये), मेन्यूचा आराखडा यादीच्या रूपात लिहितात. प्रत्येक नोंदीला नाव, शॉर्टकट आणि क्लिकनंतरची कृती किंवा ‘रोल’, म्हणजे प्रणालीला आधीच ठाऊक असलेले काम, देता येते.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानासाठी ‘आवक’, ‘सौदे’ आणि ‘पट्टी’ (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) असे तीनच मेन्यू या चौकटीत दिले, तर विंडोजवर ते अपेक्षेप्रमाणे दिसतात. मॅकवर मात्र पहिल्या मेन्यूचे शीर्षक नेहमी सॉफ्टवेअरचेच नाव असल्याने ‘आवक’ हा शब्द दिसतच नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, नवा मेन्यू आधीच्या संपूर्ण मेन्यूची जागा घेतो आणि मॅकवर कॉपी-पेस्टचे शॉर्टकट एडिट मेन्यूतील नोंदींवर अवलंबून असतात. तो मेन्यू गेल्यामुळे शेतकऱ्याचे नाव कॉपी करून पट्टीत पेस्ट करण्याचा शॉर्टकटही चालेनासा होतो. म्हणून आधी सॉफ्टवेअरच्या नावाचा व एडिटचा मेन्यू रोलसह ठेवून मगच स्वतःचे मेन्यू जोडावेत.

मराठी नावे देताना आणखी काळजी लागते. मॅकवर क्यूट ही चौकट नोंदीच्या मजकुरावरून ‘अबाउट’, ‘प्रेफरन्सेस’ व ‘क्विट’ ओळखून या नोंदी सॉफ्टवेअरच्या नावाच्या मेन्यूत हलवते. ‘बाहेर पडा’ असे लिहिल्यावर ही ओळख पटेलच असे नाही, त्यामुळे तेथे नोंदीचा रोल स्पष्टपणे नेमून देणे हाच खात्रीचा मार्ग आहे. विंडोजवर मेन्यू उघडण्यासाठी ऑल्टसोबत दाबायचे अक्षर देवनागरी ठेवले, तर ते चालू असलेल्या कीबोर्डवर अवलंबून राहते. जपानी आणि चिनी सॉफ्टवेअरमध्ये यासाठी नावानंतर कंसात रोमन अक्षर देतात, आणि गल्ल्यावर दिवसभर दोन्ही लिप्यांत टंकणाऱ्या कारकुनालाही तीच रीत सोयीची आहे.