इंजिन किती वेळ चाललं?

कोकण किनाऱ्यावर १ ऑगस्टची पहाट आवाजाने होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ताडपत्रीखाली दोन महिने भिजत-वाफत पडलेली इंजिनं त्या पहाटे एकामागून एक जागी होतात. मालवणजवळ सर्जेकोटच्या बंदरात मी लहानपणापासून हा आवाज ऐकत आलोय. त्यातला एक आवाज मात्र काळजात धस्स करणारा असतो. इंजिन पहिल्या झटक्यात लागतं, सगळ्यांचे चेहरे खुलतात, फटफट सुरू राहते, मग लय बिघडते, दोन-तीन आचके येतात आणि गप्प.

गेल्या वर्षी मामाच्या होडीचं असंच झालं. खलाशांपैकी कुणी बॅटरीला दोष देत होतं, कुणी डिझेल फवारणारं नोझल बदलायला सांगत होतं. मेस्त्री आले, इंजिनाला हातही न लावता त्यांनी विचारलं, "कितको येळ चालला?"

मामा म्हणाला, "मिनिटभर चालला नि बसला."

मला वाटतं, बंद पडणाऱ्या इंजिनाबद्दल विचारण्यासारखा याहून चांगला पहिला प्रश्न नाही. जे इंजिन लागलं, त्याची बॅटरी, स्टार्टर आणि कॉम्प्रेशन बहुतेक वेळा ठीक असतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला पंधरा-वीस पटींनी दाबतो, हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. हे एकदा घडलं की पुढचं इंजिन चालतं ते फक्त डिझेल येत राहिलं म्हणून. म्हणजे ते मिनिटभर चाललं याचा अर्थ त्याच्याकडे मिनिटभराचंच डिझेल होतं. मग ते मिनिटभराचं डिझेल होतं कुठे?

इथे साधा हिशेब मांडता येतो. लहान इंजिन मंद गतीत तासाला अर्धा लिटर डिझेल पितं असं धरू. म्हणजे सेकंदाला साधारण ०.१४ मिलिलिटर. मिनिटभरात आठ-नऊ मिलिलिटर, जेमतेम दोन चमचे. आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत एका मीटरला ५० मिलिलिटर डिझेल मावतं, तेव्हा ते दोन चमचे म्हणजे नळीची जेमतेम एक वीत. नोझलकडे डिझेल रेटणाऱ्या पंपापासून एक वीत मागे मोजत गेलं की बोट थांबतं ते फिल्टरच्या डोक्यावर. मेस्त्री थेट तिथेच पाना घेऊन बसले. मी मनातल्या मनात ०.१४ ने भागाकार करत होतो, त्यांनी तो पन्नास पावसाळ्यांच्या सवयीने केला होता. मोठ्या इंजिनात पंप जळतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो, तिथे ही वेळ आणखी कमी भरते. पण तर्क तोच: दहा सेकंदांत बसलं तर दोष पंपाच्या आसपास, पाच-दहा मिनिटांनी बसलं तर टाकीकडे.

फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची कळ हाताने दाबली, तर डिझेलऐवजी साबणासारखा फेस फुरफुरत आला. इंजिनाने एअर धरली होती. हे शब्द बंदरावर सगळेच वापरतात. पण एवढीशी हवा लोखंडाचं धूड कशी बसवते, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

नोझल उघडायला दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब लागतो. तो पंपाचा बोटाएवढा दट्ट्या तयार करतो, कारण डिझेल दबत नाही. दोनशे वातावरणांखाली ते जेमतेम सव्वा टक्का आकसतं, त्यामुळे दट्ट्याचा धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. हवेचं तसं नाही, तेवढ्याच दाबाखाली ती दोनशेव्या हिश्श्यात मावते. आता मंद गतीतल्या एका फवाऱ्याचं माप काढू. चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा फवारा घेणारं एक सिलिंडर मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल, तर मिनिटाला ४०० फवारे होतात. अर्धा लिटर तासाला, म्हणजे एका फवाऱ्यात सुमारे २० घन मिलिमीटर डिझेल, पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी. आणि साबुदाण्याएवढ्या, ४ मिलिमीटरच्या बुडबुड्याचं आकारमान असतं ३३ घन मिलिमीटर. दट्ट्याचा अख्खा धक्का तो एकटा बुडबुडा गिळून टाकतो. दट्ट्या वर गेला, बुडबुडा दबला. दट्ट्या खाली आला, बुडबुडा पुन्हा फुगला. नोझल उघडलंच नाही.

गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात डिझेल आत फवारण्याचं काम दाबलेली हवाच करत होती. नुसत्या द्रवाला रेटणारे नेमके पंप मोठ्या संख्येने बनू लागले ते १९२७ पासून, बॉश कंपनीत. त्यानंतर हवा शत्रू झाली.

एअर काढणं हे दहा मिनिटांचं काम. आधी फिल्टरचा स्क्रू, फेस जाऊन सलग धार आली की तो आवळायचा. मग पंपाचा. शेवटी नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करून इंजिन फिरवायचं आणि डिझेल आलं की घट्ट करायचा. फवारणाऱ्या नोझलपुढे किंवा चिरलेल्या पाइपाशी हात मात्र कधीही नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, वर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आतला हात सडू लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट रुग्णालय गाठायचं.

मामाचं इंजिन लागलं, चालत राहिलं. खलाशी जाळी चढवू लागले. पण मेस्त्री उठले नाहीत. हवा बाहेर काढली, ती आत कुठून आली ते कळलं नव्हतं. त्यांनी फिल्टरच्या जोडावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट चमकत होतं. तांब्याच्या वायसरखालून डिझेल पाझरत होतं, थेंब पडण्याइतकंही नाही. इंजिन चालू असताना या जागी आतून दाब असतो, म्हणून डिझेल बाहेर येतं. दोन महिने उभं असताना मात्र उलटं होतं. टाकी खाली, फिल्टर वर. नळीतलं डिझेल स्वतःच्या वजनाने टाकीकडे ओढ घेतं आणि त्याच फटीतून हवा आत शिरते. टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या नळीला फट असेल, तर शोधणं आणखी कठीण. तिथे इंजिन चालतानाही ओढच असते, बाहेर टिपूस दिसत नाही. अशा वेळी नळीचा एक तुकडा पारदर्शक घालायचा आणि बुडबुडे कुठून सुरू होतात ते बघत मागे जायचं.

नवा वायसर जवळ नव्हता. मेस्त्रींनी जुनाच काढला, चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीत लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. मला वाटलं कडक होईल. पोलादाचं पातं असतं तर झालंही असतं. तांबं दाबून दाबून कडक होतं, कारण त्यातले स्फटिक विस्कटतात. तापवलं की ते नव्याने जुळतात आणि धातू मऊ होतो, मग हळू निववा की पाण्यात बुडवा. मऊ वायसर आवळला की जोडाच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. पुसून पाहिलं, बोट कोरडं.

चालू होऊन बंद पडण्याची आणखी एक जागा मी आवर्जून सांगेन, कारण तिच्यामुळे होड्या ऐन खाडीच्या तोंडाशी बसतात. टाकीला हवा आत घ्यायची एक बारीक नळी असते. दोन महिन्यांत कुंभारमाशी तिच्यात मातीचं घर करते. मग डिझेल निघतं पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. टाकीत वर दोन लिटर जागा रिकामी असेल, तर २०० मिलिलिटर डिझेल जाताच आतला दाब सुमारे नऊ टक्के उतरतो; मीटरभराहून थोड्या जास्त खोल विहिरीतून डिझेल ओढण्यासारखं होतं ते. आणि रिकामी जागा पन्नास लिटर असेल, तर तीच अवस्था यायला पाच लिटर जावे लागतात. म्हणून तुडुंब भरलेली टाकी अर्ध्या टाकीपेक्षा लवकर दगा देते, हे ऐकून तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, खरं वाटत नाही. टाकीचं झाकण सैल करा. सुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर काडी घेऊन नळी साफ करा. आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या, सुट्या टाकीत हीच चूक झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिल्याने होते; तेव्हा नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसतो. गिअर टाकताच बसणारं इंजिन वेगळं, तिथे आधी पाण्यातल्या पंख्यात अडकलेली दोरी बघा.

शेवटी मेस्त्रींनी फिल्टरच्या तळाचा नट उघडून जे निघालं ते एका बाटलीत धरलं. मामा म्हणाला, पावसाळ्याचा दमट वारा टाकीत शिरतो आणि त्याचं पाणी होतं. मी घरी येऊन आकडे मांडले. शंभर लिटर रिकामी जागा रात्री आठ अंशांनी निवली, तर जेमतेम पावणेतीन लिटर बाहेरची हवा आत येते, आणि तितक्या दमट हवेतलं सगळं पाणी धरलं तरी ग्रॅमचा दहावा भागही भरत नाही. ६१ रात्रींचे मिळून पाच ग्रॅम, एक चमचा. बाटलीत त्याच्या कितीतरी पट पाणी होतं. ते वाऱ्याने आणलं नव्हतं. झाकणाचं रबर फाटलं होतं आणि त्यावर दोन महिने पाऊस कोसळला होता.

ती बाटली मी खिडकीत ठेवली. सकाळी तीन थर झाले होते: वर पिवळसर डिझेल, खाली पाणी आणि दोघांच्या मधोमध तपकिरी, लोंबती बुळबुळीत साय. डिझेल खाणारी बुरशी असते ती, पाण्यात राहते आणि वरचं डिझेल खाते. तिच्या एका प्रसिद्ध जातीचं नाव अमॉर्फोथेका रेझिनी. मामाला फोन करून सांगितलं, फिल्टर बदल, टाकी तळापासून उपस आणि त्याआधी झाकणाचं रबर आण. तो तेव्हा समुद्रात होता, मागून इंजिनाचा सलग आवाज येत होता.